कोंडवाड्यातला सेनेटर

आमच्या गावात दर मार्चच्या पहिल्या मंगळवारी सगळे जण शाळेच्या व्यायामशाळेत जमतात, घडीच्या लोखंडी खुर्च्यांवर बसतात आणि हात वर करून गावाचे अधिकारी निवडतात. रस्त्यांचा अधिकारी, लाकूड मोजणारा, कोळसा तोलणारा. गावात कोळसा शेवटचा कधी आला, ते तोलणाऱ्यालाही आठवत नाही. या यादीत अगदी तळाला तीन कुंपणपंच असतात. दोन शेजाऱ्यांचं हद्दीवरून वाजलं, की जागेवर जायचं, हद्द पायांनी चालायची आणि निकाल द्यायचा. त्या तिघांतला एक मी, एल्डन पीझली. चौतीस वर्षं झाली. तेवढ्या काळात एकही भांडण माझ्यापर्यंत आलं नव्हतं, आणि त्याचं श्रेय मी दर मार्चमध्ये न लाजता घेत आलो होतो.

दुसरा पंच रॉयस टिबो. कोंडवाड्याचा रखवालदारही तोच. चर्चशेजारी दगडी भिंतीचा जुना कोंडवाडा आहे; मोकाट गुरं त्यात डांबायची. हल्ली गावात गुरं मालकांपेक्षा शहाणी झाली असल्यामुळे मोकाट कोणी सुटत नाही. तिसरा पंच हार्लन फॉग. हार्लन तीन वर्षांपूर्वी वारला, पण त्याचं नाव वाचलं की विरोधात हात वर करणं बरं दिसत नाही, म्हणून तो दरवर्षी निवडून येतो. त्याच्या हजेरीत फारसा फरक पडलेला नाही. वॉशिंग्टनमध्ये याहून निर्जीव माणसं बसली आहेत, असं दोन्ही पक्षांचे लोक म्हणतात. फक्त कोणती, यावर त्यांचं एकमत होत नाही.

तर पहिलं भांडण माझ्या दारात आलं ते मागच्या निवडणुकीच्या ऑक्टोबरात.

ड्वाइट स्टोडार्ड आणि ग्रेटा लामोरो हे सख्खे शेजारी. ड्वाइट एकोणऐंशी वर्षांचा. खालच्या गावातला हत्यारांचा कारखाना बंद पडेपर्यंत तिथे लेथवर होता. ग्रेटा सत्त्याहत्तर. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली तिने. अजूनही ती मान वर करून आरशात बघितल्यासारखी बघते, तेव्हा पन्नाशीची माणसंसुद्धा खुर्चीत नीट बसतात. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन. काठी घेऊन चालते, पण काठी आधारासाठी आहे की धाकासाठी, हे डॉक्टरलाही नक्की सांगता आलेलं नाही.

दोघांपैकी कोण कोणत्या पक्षाचं, ते मी सांगणार नाही. सांगितलं तर निम्मे वाचक इथूनच उठून जातील आणि उरलेले निम्मे भलत्या जागी हसतील.

चार वर्षांपूर्वी, आधीच्या निवडणुकीच्या वेळी, चर्चच्या जेवणात दोघांचं वाजलं. उकडलेल्या घेवड्याच्या भांड्यावरून कोणी काहीतरी बोललं, कोणी काहीतरी ऐकवलं, आणि तेव्हापासून अबोला. शब्द म्हणून नाही. पण एक गंमत होती. दोघांच्या घरांच्या मधून एक कच्ची वाट जाते, रस्त्यापासून मागे ग्रेटाच्या दारापर्यंत. हद्द त्या वाटेच्या मधोमध धरलेली, म्हणजे निम्मी वाट त्याची आणि निम्मी तिची. हिवाळ्यात बर्फ पडलं, की सकाळी सहाला ड्वाइट आपल्या पिकअपला पुढे फाळ लावून ती अख्खी वाट मोकळी करायचा. एक शब्द न बोलता. आणि सात वाजता ग्रेटा गरम डोनट्सची कागदी पिशवी त्याच्या टपालपेटीत ठेवून यायची. तीही एक शब्द न बोलता. अख्ख्या देशाचं गाडं याच रीतीने चाललंय असं मला कधीकधी वाटतं. तोंडाने शिव्या आणि हाताने बर्फ.

या वाटेवर ग्रेटाचं सगळं अवलंबून होतं. तिचा मुलगा कर्टिस ॲरिझोनात असतो. त्याने तिच्यासाठी तिकडे म्हाताऱ्यांच्या वसाहतीत एक खोली बघून ठेवली होती. मायलेकांत करार झाला होता: ज्या दिवशी बर्फामुळे तिला घराबाहेर पडता येणार नाही, त्या दिवशी तिने मुकाट बॅग भरायची.

"तिथे पोहायचा तलाव आहे म्हणे," ती मला पत्ते खेळताना म्हणाली होती. गुरुवारी आम्ही पत्ते खेळतो, आणि गुरुवारी मी हरतो. "आणि संध्याकाळचं जेवण साडेचारला. साडेचारला जेवायला मी काय कोंबडी आहे, एल्डन?"

"मग जाऊ नकोस."

"वाट मोकळी आहे तोवर नाही जात."

आता ड्वाइटकडे येऊ. त्याच्या पुतण्याने त्याला गवत कापायचं स्वयंचलित यंत्र भेट दिलं. पसरट, काळं, चार चाकांचं, मोठ्या कासवासारखं. आकाशातल्या उपग्रहांना विचारून आपली हद्द ओळखतं, दिवसभर आपल्या आपण फिरतं. ड्वाइटने त्याचं नाव ठेवलं सेनेटर.

"का म्हणून?" मी विचारलं.

"दिवसभर गोल गोल फिरतो, आवाज करतो, कोणाचं ऐकत नाही. आणि भूक लागली की न चुकता आपल्या वाडग्याकडे परततो."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दोघांच्या अंगणांत प्रचाराच्या पाट्यांचं पीक आलं होतं. तारेच्या दोन काड्यांवर उभ्या केलेल्या त्या पुठ्ठ्याच्या पाट्या. ड्वाइटच्या नऊ होत्या, म्हणून ग्रेटाने अकरा लावल्या. एका सकाळी ती खिडकीशी कॉफी घेऊन उभी असताना सेनेटर वाट ओलांडून तिच्या अंगणात आला. घाई नाही, गडबड नाही. पहिल्या पाटीला त्याने नाक लावलं, आडवी केली आणि तिच्यावरून गेला. मग दुसरी. ग्रेटा काठी घेऊन बाहेर येईपर्यंत आठ पाट्यांचा भुगा झाला होता, आणि उमेदवाराचं अर्धं हसू तेवढं गवतावर शिल्लक होतं.

तिने कपड्यांची टोपली त्याच्यावर पालथी घातली आणि वर बसली.

टोपलीखालून एका सौम्य बाईचा आवाज यायला लागला: "मला अडवण्यात आलं आहे. कृपया माझ्या मालकाला कळवा. मला अडवण्यात आलं आहे."

"कळवते ना," ग्रेटा म्हणाली. "चांगलं कळवते तुझ्या मालकाला."

पण कळवायचं म्हणजे बोलायचं, आणि बोलायचं तर नव्हतं. म्हणून तिने रॉयसला फोन केला.

अर्ध्या तासात रॉयस आला, त्याच्यामागून गावची कारकून नॅन कायद्याचं पुस्तक घेऊन आली, आणि मी आलो, कारण मला दुसरं काही काम नव्हतं. ग्रेटा टोपलीवरून उठायला तयार नव्हती.

"मोकाट जनावर माझ्या जागेत शिरून नुकसान करताना पकडलंय," ती म्हणाली. "कोंडवाड्यात घाल."

"ग्रेटा, हे यंत्र आहे," रॉयस म्हणाला.

"वाच गं नॅन, कायद्यात काय लिहिलंय."

नॅनने वाचलं. 'मोकाट फिरणारा, दुसऱ्याच्या जागेत शिरून नासधूस करणारा पशू.'

"पायांचा उल्लेख आहे?"

"नाही."

"शेपटीचा?"

"नाही. पण ग्रेटा..."

"मोकाट फिरत होता का? फिरत होता. गवत खात होता का? खात होता. रॉयस, तू आठवीत असताना बसमध्ये बेडूक सोडला होतास, तेव्हा मी तुझ्या आईला सांगितलं नव्हतं."

रॉयसने मुकाट्याने सेनेटरला हातगाडीत घातलं.

अशा रीतीने दीडशे वर्षांनी आमच्या कोंडवाड्यात कैदी आला. आणि कायदा म्हणजे कायदा. कोंडलेल्या पशूला रखवालदाराने अन्नपाणी देणं बंधनकारक आहे. रॉयस हा अक्षराला चिकटून राहणारा माणूस. त्याने चर्चच्या तळघरातून लांब वायर ओढून सेनेटरच्या जेवणाची सोय केली, आणि रोज सकाळी एक बादली पाणी त्याच्यासमोर ठेवायला लागला. सेनेटर पाणी पीत नसे. पण आतलं गवत त्याने असं कापलं की तसं गवत मी राज्यपालांच्या घरासमोरही पाहिलेलं नाही. दर वीस मिनिटांनी तो भिंतीला नाक लावायचा आणि म्हणायचा, "मी माझ्या हद्दीबाहेर आहे. कृपया माझ्या मालकाला कळवा."

ते पानं पिकायचे दिवस. शहरातून गाड्या भरभरून लोक लाल-पिवळी पानं बघायला येतात आणि पानांपेक्षा एकमेकांचे फोटो जास्त काढतात. त्यांना सेनेटर सापडला. तिसऱ्या दिवशी कोंडवाड्याभोवती रांग. कोणीतरी भिंतीवर 'सेनेटरला सोडा' असा फलक लावला, त्याच्याशेजारी दुसऱ्याने 'सेनेटरला सोडू नका' असा. दोन्ही फलकांच्या मागे लोक उभे राहिले. ते नक्की कोणत्या सेनेटरबद्दल बोलतायत, हे त्यांनी एकमेकांना विचारलं नाही. गावाच्या इंटरनेटवरच्या चावडीवर तर कहर झाला. साडेतीनशे लोक असलेल्या गावाच्या चावडीवर नऊशे जणांनी मतं मांडली. टेक्सासातला एक माणूस म्हणाला की हे यंत्र म्हणजे सरकारची हेरगिरी आहे. ओरेगॉनमधली एक बाई म्हणाली की हा प्राण्यांवर अत्याचार आहे. दोघं रात्रंदिवस भांडत होते. इकडे ज्या दोघांचं भांडण होतं, ती वाटेच्या दोन कडांना उभी राहून एकमेकांच्या डोक्यावरून आकाशाकडे बघत होती.

यंत्र सोडवायचं तर ड्वाइटने एका कागदावर सही करायची होती: 'माझ्या जनावराने नुकसान केलं, हे मला मान्य आहे.'

"जनावर?" तो माझ्या ओट्यावर येऊन ओरडला. "सॉफ्टवेअर आहे ते! मी त्याला पाठवलं नव्हतं. ते आपल्या आपण गेलं."

"मग तसं तिला सांग."

"मी तिच्याशी बोलत नाही."

"माझ्याशी बोलतोयस तसंच, फक्त तिच्या पडवीत जाऊन."

"एल्डन, तू कुंपणपंच आहेस ना? मग कुंपण घाल. वाटेच्या मधोमध. सहा फुटी. माझी लेखी मागणी आहे." आणि त्याने खिशातून खरंच कागद काढला.

मी तो कागद घेऊन ग्रेटाकडे गेलो. मला वाटलं, ती तरी नको म्हणेल.

"सहा फूट?" ती म्हणाली. "आठ घाल म्हणावं."

चार वर्षांत पहिल्यांदा दोन पक्षांचं एकमत झालं होतं, आणि ते कुंपणावर.

"ग्रेटा, वाट दहा फुटांची आहे. मधोमध कुंपण आलं की पाच इकडे, पाच तिकडे. त्याचा फाळ आठ फुटांचा. बर्फ कोण काढणार?"

तिने खिडकीतून वाटेकडे बघितलं. मग म्हणाली, "कर्टिसचा काल फोन होता. खोली पंधरा डिसेंबरपर्यंतच धरून ठेवतायत. बघू."

"बघू काय? ॲरिझोनात मी गुरुवारी कसा येणार?"

"तू असाही हरतोसच. फोनवर हर."

तिने फोटोवाल्याने हसायला सांगितल्यासारखा चेहरा केला, पण कपाटातल्या बशा तिने वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या होत्या. सहा बशा. ते मी पाहिलं.

मी परत ड्वाइटकडे गेलो. त्याला ॲरिझोनाचं सांगितलं. पिकअपच्या खाली आडवा होऊन तो काहीतरी पिळत होता.

"जायचं असेल तर जाऊ दे," गाडीखालून आवाज आला. पाना हातातून सुटून त्याच्या कपाळावर पडल्याचाही आवाज आला. बाहेर मात्र तो आला नाही.

आता हद्द चालणं आलं. शनिवारी सकाळी मी आणि रॉयस निघालो. हार्लन आला नाही, पण तीनपैकी दोन म्हणजे बहुमत. ड्वाइट त्याच्या फोनवरचा नकाशा घेऊन हजर. त्याच नकाशावर सेनेटर चालायचा.

"हे बघ. उपग्रहावरून आलंय. इंच न् इंच." फोनवरची निळी रेघ धरून आम्ही चालायला लागलो. रेघ वाट ओलांडून गेली, ग्रेटाच्या अंगणातून गेली, तिच्या पडवीच्या पायऱ्या चढली आणि तिच्या स्वयंपाकघरातून आरपार निघाली. चूल या बाजूला, सिंक त्या बाजूला.

रॉयस म्हणाला, "म्हणजे सेनेटर आपल्या हद्दीतच होता."

"म्हणजे मी तिच्या पाट्यांवर त्याला सोडला नव्हता," ड्वाइट मोठ्याने म्हणाला. मला नव्हे, पडवीत उभ्या असलेल्या ग्रेटाच्या दिशेने, पण तिच्या डोक्यावरून.

ग्रेटाने मला विचारलं, "एल्डन, त्या गृहस्थांना विचार, त्यांना माझी चूल हवीय का सिंक?"

"एल्डन, त्या बाईंना सांग, मला त्यांचं स्वयंपाकघर नकोय! मला फक्त कुंपण हवंय."

"त्यांना सांग, माझ्या सासऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे हद्द त्या लायलॅकच्या झुडपांवरून जाते."

लायलॅकची झुडपं ड्वाइटच्या गॅरेजच्या पलीकडे आहेत. म्हणजे पिकअप, फाळ आणि सगळी हत्यारं ग्रेटाच्या जमिनीवर. उपग्रहाचं खरं मानलं तर तिला पाणी प्यायला त्याची परवानगी घ्यायची. सासऱ्याचं मानलं तर त्याला गाडी काढायला तिची. दोघं हटून बसली होती. रॉयस माझ्या कानात कुजबुजला, "बरं झालं हार्लन आला नाही. उगाच मनाला लावून घेतलं असतं."

असं झालं की मूळ खरेदीखत बघायचं. नॅनने गावकचेरीच्या तळघरातल्या लोखंडी कपाटातून १७९४चं पुस्तक काढलं. शाई चहासारखी फिकी झालेली, अक्षर कोंबडीने पाय पुसल्यासारखं. ते अक्षर वाचू शकणारा गावात मी एकटाच, असा माझा लौकिक आहे. तो लौकिक मीच पसरवलेला आहे. ड्वाइट एका कोपऱ्यात, ग्रेटा दुसऱ्या कोपऱ्यात. मी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचायला लागलो.

"'फुटक्या खडकापासून निघून उत्तरेस, दोन बीच झाडांच्या मधून, तिथून सरळ पुढे...'" इथे मी थांबलो. पान उजेडात धरलं. ग्रेटाकडे बघितलं, ड्वाइटच्या कपाळावरच्या टेंगळाकडे बघितलं. "'...तिथून सरळ पुढे, जिथे कॅप्टन स्टोडार्डची तांबडी गाय उभी आहे, तिथपर्यंत.'"

ड्वाइट कोपऱ्यातून दोन पावलं पुढे आला.

"गाय?" ड्वाइट म्हणाला.

"तांबडी."

नॅन माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "एल्डन, मला तर इथे नुसती बुरशी..."

"नॅन, चष्म्याचा नंबर तपासून घे."

नॅनने माझ्याकडे बघितलं. मग ग्रेटाच्या काठीकडे बघितलं. तिलाही ग्रेटाने बारा वर्षं शाळेत नेलं होतं. ती म्हणाली, "हो. आता दिसतंय. गाय आहे."

मला आयुष्यभर थापाड्या म्हटलं गेलं आहे. मी सांगितलेल्या माशांची लांबी आमच्या तळ्यात मावत नाही. पण सरकारी दप्तरात गेलेली माझी ती एकच थाप, आणि तिच्यावर गावचा शिक्का आहे. त्या गायीबद्दल मला अजून कोणी शपथेवर विचारलेलं नाही, त्यामुळे मीही इथे जास्त बोलत नाही.

मग मी उभा राहून निकाल दिला. चौतीस वर्षं तुंबलेला आवाज होता. तो काढायला मला मजा आली. "पंचांचा निकाल असा. उपग्रहाचा नकाशा आणि सासऱ्यांची आठवण, दोन्ही नामंजूर. खरेदीखत प्रमाण. हद्द गायीपर्यंत. गाय सध्या जागेवर नाही. ती नेमकी कुठे उभी होती हे ठरेपर्यंत कुंपणाचा खुंटासुद्धा कोणी ठोकायचा नाही. ते शोधून काढण्यासाठी गावाने समिती नेमावी. समितीत दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य."

"म्हणजे कोण?" रॉयसने विचारलं.

"दोन बाजूंना माणसं किती राहतात?"

"दोन."

"मग झालं."

ड्वाइट तांबडा झाला. "मी तिच्याबरोबर समितीत बसणार नाही!"

"नको बसूस. मग तिचा एकटीचा शब्द चालेल. ती म्हणेल, गाय तुझ्या गॅरेजमध्ये उभी होती."

"न्हाणीघरात होती," ग्रेटा म्हणाली. "मी पाहिलीय."

आता, आमच्याकडे सरकारी समिती म्हणजे खेळ नाही. बैठकीची नोटीस दोन दिवस आधी टपाल कचेरीच्या दारावर लागते. बैठक उघड्या दाराने होते. कोणाही नागरिकाला येऊन बसता येतं. कोरम लागतो. आणि मुख्य म्हणजे इतिवृत्त लिहावं लागतं: कोण काय बोललं ते. न बोलता इतिवृत्त लिहिता येत नाही. नॅनने नियम वाचून दाखवले तेव्हा दोघांचे चेहरे दाढ उपटून घ्यायला बसल्यासारखे झाले होते.

ग्रेटाला काठी घेऊन गावकचेरीच्या पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून बैठका तिच्या स्वयंपाकघरात ठरल्या. दर मंगळवारी, सकाळी दहाला. नागरिक म्हणून मी जायचो. पहिल्या बैठकीचं इतिवृत्त ग्रेटाच्या हातचं आहे, आणि ते कोणालाही नॅनकडे बघायला मिळेल:

'उपस्थिती: दोन सदस्य, एक नागरिक, तो सारखा खातो. श्री. स्टोडार्ड म्हणाले, हवा गार आहे. श्रीमती लामोरो यांचा विरोध. ठराव क्रमांक एक: कोंडवाड्यातील यंत्र सोडावे, कारण बघ्यांच्या गाड्या श्रीमती लामोरो यांच्या भोपळ्यांवर उभ्या राहतात. मंजूर, दोन विरुद्ध शून्य. कागदावर "जनावर" ऐवजी "ते" लिहावे, ही श्री. स्टोडार्ड यांची सूचना. मंजूर. गायीविषयी चर्चेला वेळ उरला नाही.'

दुसऱ्या बैठकीत गायीवर चर्चा झाली. गाय दुभती होती का, यावर पाऊण तास. ड्वाइटचं म्हणणं, दुभती गाय सावलीत उभी राहते. ग्रेटाचं म्हणणं, ड्वाइटने आयुष्यात गाय पाहिली आहे ती दुधाच्या डब्यावर. हे सगळं इतिवृत्तात आहे. मधे निवडणूक झाली. कोण जिंकलं ते तुम्हाला माहीत आहे. इथे अर्ध्या गावाने डोकं धरलं आणि अर्ध्याने टोप्या उडवल्या. त्यानंतरच्या मंगळवारी मी धसका घेऊन गेलो. दोघं समोरासमोर बसली होती, चेहरे दगडाचे. ग्रेटाने वही उघडली. ड्वाइटने घसा खाकरला.

"निवडणुकीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही," तो म्हणाला.

"नाही," ग्रेटा म्हणाली. "पत्रिकेवर गाय आहे."

"मग गायीवरच बोलू."

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय? काही होत नाही. पण तासभर काही झालं नाही, एवढंही मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी दीड फूट बर्फ पडलं. मी माझ्या दारातून निघालो तेव्हा रस्ता दिसत नव्हता, नुसतं पांढरं. मनात म्हटलं, आज कळेल. लेखी मागणी ड्वाइटने अजून मागे घेतलेली नव्हती. गडी हट्टी आहे. पण वळणावर आलो तर ती वाट रस्त्यापासून दारापर्यंत काळीभोर मोकळी, दहाच्या दहा फूट, आणि पिकअप पडवीशी उभी, अजून वाफाळत असलेली.

आत बैठक चालू होती. तेवढ्यात फोन वाजला. ग्रेटाने तो टेबलावर ठेवून मोठ्या आवाजावर केला, कारण उघडी बैठक म्हणजे उघडी.

"आई, दीड फूट पडलंय म्हणे तिकडे. दार तरी उघडतंय का? खोलीवाले विचारतायत. शुक्रवारपर्यंत सांगायचंय."

"कर्टिस, मी मीटिंगमध्ये आहे."

"कसली मीटिंग?"

"सरकारी. मी गावाच्या समितीवर आहे. मी आले तर कोरम मोडेल."

"मग दुसरं कोणी घेतील ना. किती सदस्य आहेत?"

"दोन."

"आणि कोरम किती?"

"दोन."

"आई, बर्फ कोण काढतंय तिथे? खरं सांग. तो शेजारी तर तुझ्याशी बोलतही नाही."

ग्रेटाने ड्वाइटकडे बघितलं नाही. तिने वहीकडे बघितलं. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

ड्वाइट फोनकडे वाकला. "कर्टिस, स्टोडार्ड बोलतोय. समितीच्या सदस्याला बैठकीपर्यंत पोहोचता आलं पाहिजे, असा नियम आहे. वाट मोकळी ठेवणं सदस्यावर बंधनकारक आहे. कायदाच आहे तसा."

असा कुठलाही कायदा नाही. मी तोंड उघडणार होतो, पण माझं तोंड भरलेलं होतं.

"किती दिवस चालणार ही समिती?" कर्टिसने विचारलं.

"वसंतापर्यंत तर नक्की," ड्वाइट म्हणाला. "मग पुढचं सत्र. प्रश्न गुंतागुंतीचा आहे."

"खोली दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांग, कर्टिस," ग्रेटा म्हणाली. "ज्याला साडेचारला भूक लागते त्याला." आणि फोन ठेवला.

ड्वाइटने टोपी घातली. दारापर्यंत गेला आणि पाठ करूनच म्हणाला, "हे वहीत लिहू नकोस."

"काय?"

"यंदा बर्फाचा ढीग माझ्या बाजूला टाकतो. तुझ्या बाजूला टाकला की तुला काठी घेऊन वळसा पडतो. तीन वर्षं बघतोय."

"तीन वर्षं बघत होतास तर तीन वर्षं टाकलास का?"

"तू बोलली नाहीस."

"तूही नाही बोललास."

"बर्फ वाढतंय," तो म्हणाला आणि गेला. थोड्या वेळाने फाळ खाली टेकल्याचा आवाज आला. ग्रेटा वहीवर वाकून लिहीत होती. मी मान लांब करून बघायचा प्रयत्न केला, तर तिने हाताने पान झाकलं.

"हे सार्वजनिक कागदपत्र आहे, ग्रेटा. नागरिक म्हणून मला अधिकार आहे."

"नॅनकडे अर्ज कर."

मी अर्ज केला नाही. तेवढं मला कळतं. पण एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली नाही. त्या गडबडीत बैठक तहकूब करायचा ठराव मांडायला दोघंही विसरली, आणि ठरावाशिवाय आमच्याकडे बैठक संपत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती अजून चालू आहे.